काटा फांदीवरचा, काटा वाटेवरचा



रत्नागिरी तालुक्यातील आमच्या गावी मशिदीलगतच्या खोलीत दर रविवारी सकाळी मुलींचा कुरआन-वर्ग भरतो. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी दहा वर्षांची एक मुलगी बोटाला चिंधी गुंडाळून आली. अंगणातला गुलाब तोडताना तिला काटा लागला होता. बसता बसताच तिने विचारले, "आपा, अल्लाह एवढा दयाळू आहे, मग त्याने गुलाबाला काटे कशाला दिले?"

आपण सारेच जे उत्तर देत आलो आहोत तेच मी दिले. म्हटले, "बाळ, गुलाब हवा असेल तर काटे सोसावे लागतात. आयुष्यही असेच असते. माणसाने सब्र करावा." इतर मुलींनी माना डोलावल्या. ती मात्र म्हणाली, "आमची अम्मी बाजीला हेच सांगते. बाजी सासरहून रडत आली की अम्मी म्हणते, गुलाबाला काटे असायचेच."

मी निरुत्तर झाले. माझे उत्तर खोटे नव्हते. पण ते अर्धे होते, आणि अर्धे उत्तर चुकीच्या ठिकाणी दिले की त्याचाच काटा होतो. त्या मुलीला पूर्ण उत्तर देण्यासाठी मला पुन्हा झाडांकडे पाहावे लागले आणि पुन्हा कुरआन-हदीसकडे वळावे लागले. त्यातून जे हाती आले ते या लेखात मांडत आहे.

गुलाबाचा काटा काय करतो?

प्रथम सृष्टीतील वस्तुस्थिती पाहू. गुलाबाचा काटा अंगठ्याने आडवा दाबला तर तो सहज निखळतो आणि फांदीवर फक्त एक लहानसा वण राहतो. लिंबाच्या काट्याचे तसे होत नाही. तो पानाच्या बगलेतून निघतो, फांदीच्या लाकडाशी जोडलेला असतो, कारण तो मुळात रूपांतरित झालेली फांदीच आहे. बाभळीचे जोडकाटे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून बनतात. गुलाबाचा काटा या दोहोंहून वेगळा. तो खोडाच्या वरच्या थरांतून, म्हणजे जणू सालीतूनच उगवतो. म्हणून वनस्पतिशास्त्रात त्याला खऱ्या काट्यांहून वेगळ्या वर्गात धरतात. रोजच्या बोलण्यात अर्थातच आपण सर्वांना काटेच म्हणतो.

या काट्याचे पहिले काम राखणीचे. शेळी-बकरी किंवा हरिण कोवळ्या फांदीला तोंड लावते तेव्हा काटा तिला पूर्णपणे हाकलून देत नाही. पण तिचा घास लहान करतो, चरण्याचा वेग कमी करतो. तेवढ्या अवधीत झाडाची बरीच पाने वाचतात. आफ्रिकेतील बाभळींच्या झाडांवर असेही दिसून आले आहे की, जनावरांचे तोंड पोहोचते त्या फांद्यांवर काटे लांब असतात आणि पोहोचत नाही त्या उंचीवर ते आखूड होत जातात. लिंबाचे रोप कोवळे असताना जास्त काटेरी असते, जुन्या झाडावर काटे कमी होतात. म्हणजे जिथे धोका आहे आणि जेवढा आहे, तिथे आणि तेवढाच पहारा.

दुसरे काम आधाराचे. गुलाबाचे काटे बहुधा खाली वळलेले असतात. रानगुलाबाच्या लांब, लवचीक फांद्या शेजारच्या झुडपांवरून वर सरकतात तेव्हा हे काटे आकड्यांसारखे अडकतात आणि फांदी घसरत नाही. ज्या टोकाने आपले बोट रक्तबंबाळ होते, त्याच टोकाच्या आधाराने गुलाब उजेडापर्यंत चढतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. काटे फांदीवर असतात, पाकळीवर नसतात. मधमाशी येते, फुलात उतरते, पराग घेऊन जाते. तिला कुठेच काटा लागत नाही. फांदीवर पहारा बसवणाऱ्याने फुलाचे दार मात्र सताड उघडे ठेवले आहे.

सूरह मुल्कच्या आरंभी अल्लाह माणसाला आवाहन करतो की, परमकृपाळूच्या निर्मितीकडे पुन्हा पुन्हा नजर टाक, कुठे काही उणीव सापडते का पाहा; नजर थकून परत येईल. गुलाबाच्या काट्यालाही ही कसोटी लावता येते. दुरून पाहताना तो फुलावरचा डाग वाटतो, जवळून पाहिले की ती फुलासाठी केलेली तजवीज ठरते.

काटेरी झाडालाही मान असतो, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्काविजयाच्या प्रसंगी शिकवले. हिजरी सन 8 मध्ये, म्हणजे इसवी सन 630 मध्ये, मक्का शहर हाती आले तेव्हा त्यांनी त्या पवित्र भूमीची मर्यादा जाहीर केली. तिथे रक्तपात करू नये, शिकारीला उठवू नये आणि तिथली काटेरी झुडपेही तोडू नयेत, असा तो आदेश होता. ज्यांनी त्यांना मायभूमीतून हाकलले, त्या माणसांना अभय मिळाले आणि त्या दिवशी काट्यांनाही मिळाले.

आपल्या सड्यावरचे साक्षीदार

गुलाब आपल्या अंगणात लावावा लागतो, पाणी घालून जपावा लागतो. कोकणच्या कातळावर आपोआप उगवणारी काटेरी झाडे वेगळी. त्यांच्यापैकी दोन आणि परसातले एक फळ यांच्याकडून आपल्याला पुष्कळ शिकता येते.

पहिली करवंदाची जाळी. चार महिने मुसळधार पाऊस आणि पुढे आठ महिने तापलेला जांभा, अशा जमिनीवर ती उभी असते. तिचे जोडीने येणारे टणक काटे सर्वांना ठाऊक आहेत. पण या जाळीच्या पोटात नीट पाहिले तर लहान पक्ष्यांची घरटी दिसतात आणि एखाद्या मोठ्या झाडाचे कोवळे रोपही दिसते. उघड्यावर असते तर ते गुराने केव्हाच खाल्ले असते. जाळी आपल्या काट्यांनी स्वतःला राखते आणि दुसऱ्याचे लेकरूही राखते. एप्रिल-मे महिन्यांत तीच जाळी काळ्या करवंदांनी लदबदते आणि अंगावर ओरखडे सोसून आलेली मुले द्रोण भरून ती रस्त्याकडेला विकायला बसतात.

दुसरे बोराचे झाड. त्याच्या पानाच्या तळाशी पुष्कळदा दोन काटे असतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. हात आत घालताना सरळ काटा टोचतो, बाहेर काढताना वाकडा अडवतो. या झाडाचा उल्लेख कुरआनात आहे. त्याकडे पुढे येऊ.

तिसरा फणस. कोकणी माणसाला फणसाची उपमा देतात, बाहेरून काटेरी आणि आत गोड, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण फणसाचा काटा वास्तविक काय आहे हे फार थोड्यांना माहीत असते. फणस हे एक फळ दिसत असले तरी ते शेकडो फुलांचे मिळून बनलेले असते. खोडावर लागलेली कोवळी कुयरी म्हणजे दाटीने चिकटलेल्या फुलांचा गुच्छच, आणि सालीवरचे प्रत्येक टोक हे एकेका फुलाचे टोक. ज्याला आपण काटा म्हणतो, तिथे एकेकाळी फूल होते. त्यांपैकी ज्या फुलाला पराग मिळाला त्याचा आत गरा झाला. ज्याला मिळाला नाही ते गऱ्यांच्या मधल्या पातळ तंतूंत राहून गेले. बाहेरून दोघांचे टोक सारखेच.

स्वर्गातील बोर

कुरआनच्या 56व्या सूरहमध्ये, सूरह वाकिआमध्ये, उजव्या बाजूच्या भाग्यवंतांना लाभणाऱ्या स्वर्गाचे वर्णन आहे. त्यात सर्वांत आधी ज्या झाडाचा उल्लेख येतो ते आहे 'सिद्र', म्हणजे बोरीच्या जातकुळीतले झाड. अरबस्तानातील सिद्र आणि आपल्या सड्यावरची बोर ही एकाच प्रजातीतली भावंडे. पण त्या आयतीत या झाडाला एक विशेषण जोडलेले आहे: काटे काढून टाकलेले, काटेरहित.

क्षणभर विचार करावा. स्वर्गाच्या वर्णनासाठी कोणत्याही अप्रतिम, न पाहिलेल्या वृक्षाचे नाव घेता आले असते. अल्लाहने वाळवंटातल्या मेंढपाळाला रोज दिसणारे, त्याचे कपडे फाडणारे, पण त्याला सावली आणि फळही देणारे झाड निवडले. हजरत अबू उमामा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका कथनात सांगितले आहे की, एका ग्रामीण अरबाने प्रेषितांना (स.) विचारले, स्वर्गात त्रास देणारे झाड कसे काय असेल? कोणते झाड, असे त्यांनी विचारताच तो म्हणाला, सिद्र, त्याला तर काटे असतात. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला त्या आयतीची आठवण करून दिली आणि समजावले की, अल्लाह त्याचे काटे दूर करील आणि प्रत्येक काट्याच्या जागी एक फळ देईल.

त्या ग्रामीण माणसाचा प्रश्न आणि आमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न एकच आहे. प्रेषितांनी (स.) त्याला गप्प बसवले नाही. काटे टोचत नाहीत, असेही सांगितले नाही. काटा त्रासच देतो हे मान्य करून त्यांनी त्याचा शेवट सांगितला.

आता दुसरी बाजू पाहा. 88व्या सूरहमध्ये, सूरह गाशियामध्ये, नरकवासीयांच्या अन्नाचा उल्लेख आहे. भाष्यकारांच्या मते ती एक कडवट काटेरी वनस्पती आहे. तिने शरीर पोसले जात नाही की भूक भागत नाही. म्हणजे एका टोकाला काट्याविना फळ आणि दुसऱ्या टोकाला फळाविना काटा. या दोहोंच्या मधे आपले हे जग आहे, जिथे एकाच फांदीवर दोन्ही उगवतात. हे जग बक्षिसाचे ठिकाण नाही आणि अंतिम शिक्षेचेही नाही. ते परीक्षेचे ठिकाण आहे. सुख आणि दुःख दोन्ही देऊन माणसाला पारखले जाते, असे सूरह अंबियामध्ये स्पष्ट सांगितले आहे. म्हणून या जगात केवळ फुलांची अपेक्षा करणारा निराश होतो आणि केवळ काटे मोजणारा कृतघ्न होतो.

टोचलेला काटा वाया जात नाही

सही बुखारी आणि सही मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत प्रेषितांचे (स.) हे शिकवणे नोंदलेले आहे की, श्रद्धावंताला थकवा, आजार, चिंता, दुःख, कसलाही त्रास झाला, अगदी काटा जरी टोचला, तरी त्यामुळे अल्लाह त्याच्या काही चुका मिटवून टाकतो. दुःखांची ही यादी मोठ्यापासून लहानाकडे येते आणि काट्यापाशी थांबते. काट्याहून लहान दुखणे कोणते असणार? कोणाला सांगायला जावे तर ऐकणारा हसेल. पण जे सांगण्यासारखेही नाही, ते अल्लाहपाशी नोंदले जाते.

हा दिलासा कोकणातल्या घरांना नवा नाही. मुंबईला, आखाती देशांत किंवा जहाजावर पोटासाठी गेलेले पुरुष, वर्षानुवर्षे त्यांच्या पत्रांची आणि आता फोनची वाट पाहणाऱ्या आया-बायका, अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून, या सर्वांनी असे काटे मुकाट्याने काढले आहेत. ते पाहणारा कोणीतरी आहे, ही जाणीवच त्यांची उभारी ठरली. सूरह शरहमध्ये अडचणीबरोबर सुलभताही आहे, हे आश्वासन लागोपाठ दोनदा दिले आहे, हेही याच संदर्भात आठवावे.

तरीही इथे फणसाचे उदाहरण विसरू नये. सालीवरचे टोक सारखे असले तरी प्रत्येकाच्या आत गरा होत नाही. तसेच दोन माणसांवर एकसारखेच संकट येते. एक जण अल्लाहवर भरवसा ठेवून, त्याच्याकडून मोबदल्याची आशा धरून ते सोसतो, तर दुसरा मनात कडवटपणा साठवत जातो. पहिल्याच्या काट्याआड गोडी भरते, दुसऱ्याच्या वाट्याला कोरडा तंतू येतो.

वाटेवरचा काटा उचलायचा असतो

इथवरचे सांगून थांबलो तर आपण पुन्हा त्या अर्ध्या उत्तरापाशीच येतो. कारण हदीसमध्ये काट्याचा उल्लेख आणखी एका ठिकाणी आहे.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली घटना अशी की, एक मनुष्य रस्त्याने जात असता त्याला वाटेवर एक काटेरी फांदी पडलेली दिसली. त्याने ती बाजूला केली. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. दुसऱ्या हदीसमध्ये ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा सांगितल्या आहेत. सर्वोच्च शाखा म्हणजे अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही ही साक्ष, आणि सर्वांत खालची शाखा म्हणजे वाटेवरची त्रासदायक वस्तू दूर करणे.

या दोन शिकवणी शेजारी ठेवून पाहाव्यात. काटा मला टोचला तर माझ्यासाठी सब्र आहे. काटा दुसऱ्याच्या वाटेत पडला असेल तर माझ्यासाठी काम आहे. त्या माणसाने वाटेत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सब्रवर प्रवचन दिले नाही. तो वाकला आणि त्याने फांदी उचलली.

आमच्या गावात डोंगरउतारावरून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी मशिदीपर्यंत येते. पावसाळ्यानंतर बाजूच्या जाळ्या तिच्यावर झुकतात. फजरच्या अंधारात येणाऱ्या म्हाताऱ्या नमाजींच्या पायांत काटे जाऊ नयेत म्हणून कोणी ना कोणी कोयता घेऊन पाखाडी मोकळी करतो. "काटे असायचेच" असे म्हणून तिथे कोणी स्वस्थ बसत नाही. मग घरातल्या वाटेवर काटे पडले असता आपण स्वस्थ का बसतो?

काटेरी फांदी वाटेत टाकणाऱ्याचेही उदाहरण कुरआनात आहे. सूरह मसदमध्ये अबू लहबच्या पत्नीचे वर्णन लाकडे वाहून नेणारी असे केले आहे. अनेक भाष्यकारांनी नोंदवले आहे की, ती काटेरी फांद्या आणून प्रेषितांच्या (स.) वाटेत टाकत असे. प्रेषितांनी (स.) त्यावर सब्र केला, हे खरे. पण टाकणारीच्या कृत्याला अल्लाहने दैवी परीक्षा म्हणून झाकले नाही. तिला तिच्या कृत्यानिशी उघड केले. सोसणाऱ्याचा सब्र टाकणाऱ्याला निर्दोष ठरवत नाही.

सासरी सुनेला टाकून बोलणे, तिचा दागिना काढून घेणे, तिच्यावर हात उगारणे, हुंड्याची मागणी करणे, मेहेर बुडवणे, हे गुलाबाचे काटे नव्हेत. ते अल्लाहने फांदीवर उगवलेले नाहीत. माणसाने हातांनी आणून वाटेत टाकले आहेत. स्त्रियांशी भल्या रीतीने वागा, अशी सूरह निसामध्ये पुरुषांना आज्ञा आहे. त्याच सूरहमध्ये पती-पत्नींत बिघाड होण्याची भीती असेल तर दोन्ही घरांतून एकेक न्यायी मध्यस्थ नेमण्याची सूचना आहे. आपल्या भावाला मदत करा, तो पीडित असो वा अत्याचारी, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. अत्याचाऱ्याला मदत कशी करायची, या प्रश्नावर त्यांनी उत्तर दिले की, त्याला अत्याचारापासून रोखा, हीच त्याची मदत. लेकीला सब्र शिकवणे सोपे असते. जावयाला आणि व्याह्यांना चार शब्द सुनावणे अवघड असते. अवघड काम टाळण्यासाठी सब्रच्या नावाचा वापर करणे ही सब्रशी केलेली बेइमानी आहे.

आपल्या अंगचा काटा

आणखी एक काटा उरतो, तो आपल्या स्वभावातला. "मी तोंडाने फटकळ आहे, पण मनाने वाईट नाही, गुलाबालाही काटे असतातच की," असे अभिमानाने सांगणारी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. त्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. गुलाबाने आपले काटे निवडलेले नाहीत. माणूस मात्र आपला प्रत्येक शब्द निवडतो. गुलाबातसुद्धा बँक्सिया नावाचा एक प्रकार आहे, त्याच्या वेलीवर काटे जवळजवळ नसतातच, तरीही तो फुलांनी डवरतो. फुलण्यासाठी टोचणे आवश्यक नसते, याची ही साक्ष. ज्याच्या जिभेपासून आणि हातापासून इतर मुस्लिम सुरक्षित असतात तोच खरा मुस्लिम, ही प्रेषितांची (स.) व्याख्या आहे. तिच्यात जीभ आधी आली आहे आणि हात नंतर.

प्रसिद्ध भाष्यकार इब्ने कसीर यांनी आपल्या भाष्यात एक संवाद नोंदवला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत उबै बिन कअब (रजि.) यांना विचारले, तकवा म्हणजे काय? त्यांनी उलट विचारले, तुम्ही कधी काटेरी वाटेने गेला आहात का? उमर (रजि.) म्हणाले, गेलो आहे. मग तेव्हा काय केलेत? उमर (रजि.) म्हणाले, कपडे आवरून घेतले आणि जपून चाललो. उबै (रजि.) म्हणाले, तोच तकवा.

काटे आहेत म्हणून वाट सोडायची नाही. बेफिकीरपणे त्यांत शिरायचेही नाही. स्वतःचा पदर सांभाळत चालायचे, आणि शक्य असेल तिथे मागून येणाऱ्यासाठी फांदी बाजूला करायची. जीवनाची एवढी नेमकी रीत दुसऱ्या कशात क्वचितच सापडेल.

शेवटच्या स्नानाची पाने

हे सारे मी पुढच्या रविवारी त्या मुलीला सांगणार होते. पण त्याच आठवड्यात गावातल्या एका वृद्ध भगिनीचे निधन झाले आणि गुस्लसाठी मला बोलावणे आले.

प्रेषितांच्या (स.) कन्येचे निधन झाले तेव्हा हजरत उम्मे अतिय्या (रजि.) आणि इतर स्त्रियांना त्यांनी सांगितले होते की, पाणी आणि सिद्रच्या पानांनी स्नान घाला आणि शेवटच्या वेळी त्यात कापूर घाला. म्हणून आपल्याकडेही मय्यतीच्या गुस्लसाठी बोरीची पाने आणतात. त्या रात्री दोन तरुण बॅटरी घेऊन सड्यावर गेले आणि पाने घेऊन आले. त्यांची मनगटे ओरखडली होती. पाने पाण्यात घालण्यापूर्वी एक ज्येष्ठ बाई सुपात घेऊन ती निवडू लागल्या. एकेक पान उलटून, देठाशी राहिलेला काटा खुडून बाजूला टाकत होत्या. मला वाटले उशीर होतो आहे. मी तसे म्हणताच त्या म्हणाल्या, "मेलेल्या जिवाला टोचले तरी टोचलेच ना, बाय."

मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच आहे, अशी हदीस आहे. ती मी वर्गात शिकवली होती. त्या बाईंनी ती शिकलेली नव्हती. त्या ती हातांनी पाळत होत्या. त्यांच्या सुपातल्या पानांकडे पाहताना मनात आले की, जो धर्म मृत देहालाही काटा लागू देत नाही, त्या धर्माची माणसे जिवंत लेकीला काटे लागत असताना तिला नुसते सोस म्हणून कसे सांगतात?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या अम्मीशी बराच वेळ बोलले. पुढच्या शुक्रवारी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक ठरली. एका बैठकीत सारे सुटते असे नाही. बोलणी अजून चालू आहेत. पण वाटेवरच्या फांदीला कोणीतरी हात घातला आहे.

रविवारी वर्गात मी माझे उत्तर दुरुस्त केले. म्हटले, "अल्लाहने गुलाबाला काटे दिले ते गुलाबाची राखण व्हावी म्हणून आणि त्याला वर चढता यावे म्हणून. आपल्याला काटा टोचला तर अल्लाह त्याचा मोबदला देतो. पण दुसऱ्याच्या वाटेत काटा दिसला तर तो उचलायचा. आणि स्वर्गात बोरीला काटे नसतील." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग बाजीच्या वाटेतला काटा कोण उचलणार?" मी म्हटले, "आपण सगळे."

घरच्या अभ्यासासाठी

1. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून सूरह वाकिआच्या 27 ते 38 या आयती अर्थासह वाचाव्यात आणि स्वर्गातील बोरीबद्दल मुलांना सांगावे.

2. या आठवड्यात आपल्या वाडीतल्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या वाटेवरची एक त्रासदायक वस्तू मुलांना सोबत घेऊन प्रत्यक्ष दूर करावी.

3. आपल्या कोणत्या शब्दाने घरातल्या कोणाला टोचले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे आणि झोपण्यापूर्वी त्या व्यक्तीची क्षमा मागावी.

4. आपण ज्याला 'सब्र कर' असे सांगतो, त्याचा काटा काढणे आपल्या हाती आहे का, हे आधी तपासावे.

हे अल्लाह, आम्हाला टोचणाऱ्या काट्यांवर सब्र दे, दुसऱ्यांच्या वाटेतले काटे उचलण्याचे बळ दे, आमच्या जिभेचे काटे बोथट कर आणि काट्यांविना असलेल्या त्या बोरीच्या सावलीत आम्हाला आमच्या आई-वडिलांसह, लेकी-सुनांसह एकत्र जागा दे. आमीन.